यूट्यूबवर कटसीन बघितले तर गेम खेळल्यासारखंच नाही का?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका कॉलेजातल्या पोराने विचारलंय, थोडक्यात सांगतो: "दादा, आजवर मोबाईलवर बीजीएमआय सोडून काही खेळलो नाही, आता मामाने पीएस ५ आणून दिलाय. सगळे म्हणतात स्टोरीवाले ॲक्शन गेम खेळ. पण त्या गेम्सचे सगळे कटसीन, म्हणजे मधले फक्त बघायचे प्रसंग, जोडून यूट्यूबवर पिक्चर करून टाकलेले असतात, ते फुकटात बघितले तर खेळण्यात वेगळं काय राहिलं? आणि खेळायचंच तर सुरुवात कुठून करू?"

प्रश्न एकदम रास्त आहे, आणि लोक याच्यावर "खेळल्याशिवाय कळणार नाही रे" म्हणून वाटेला लावतात, त्यामुळे जरा नीट लिहितो. लांब होणार आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. चांगल्या ॲक्शन गेमची अर्धी स्टोरी तुझ्या बोटांतून घडते. कुठलं बटन तू शंभरदा दाबलंस, कुठलं दाबायला हात धजावला नाही, कुठलं दाबलं आणि काहीच झालं नाही, यातून जी गोष्ट तयार होते ती व्हिडिओत येऊच शकत नाही. ज्या गेमला हे जमतं तो खेळायचा. ज्याला जमत नाही त्याचे कटसीन खुशाल यूट्यूबवर बघ, मी पण बघतो, त्यात काही पाप नाही.

हे मी कुठल्या जोरावर बोलतोय, तर म्हापशात आधी माझा सायबर कॅफे होता, पोरं तासावर बसून आयजीआय आणि व्हाइस सिटी खेळायची, मग मोबाईल आले, कॅफे बसला, त्याचं पार्लर केलं, तिथे आता कन्सोल आहेत. स्वतः खेळतोच, पण दुसऱ्यांना खेळताना जेवढं बघितलंय तेवढं फार कमी लोकांनी बघितलं असेल. आणि पार्लरमध्ये एक गोष्ट घरी कधीच कळणार नाही अशी कळते. पोरं तासाचे पैसे मोजतात, त्यामुळे कटसीन आला की पहिलं काम म्हणजे स्किप. स्किप होत नसेल तर खिशातून मोबाईल बाहेर. गॉड ऑफ वॉर पहिल्यांदा खेळताना कटसीन स्किपच करता येत नाहीत, तेव्हा अर्धं पार्लर मान खाली घालून रील बघत असतं. म्हणजे लेखकाने जीव तोडून लिहिलेलं सगळं वाया. आणि तरीही काही गेम असे आहेत की तेच स्किप करणारं पोर दोन तासांनी उठताना "तो म्हातारा त्या पोराशी असा का वागतो रे?" विचारतं. काही गेममध्ये मात्र ते पोर शेवटपर्यंत हिरोचं नावही सांगू शकत नाही. हाच फरक आहे, दुसरं काही नाही.

गॉड ऑफ वॉरचंच घेऊ, २०१८ चा, सांता मोनिका स्टुडिओचा, कोरी बार्लोगने दिग्दर्शित केलेला. सगळे त्याच्या कॅमेऱ्याचं कौतुक करतात की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही कट नाही, एकाच शॉटमध्ये अख्खा गेम. भारी आहे, वाद नाही. पण माझ्या मते त्या गेमची सगळ्यात हुशार गोष्ट म्हणजे चौकोनाचं बटन. हिरो क्रेटोसच्या पोराला, आत्रेयसला, एक बटन दिलंय. चौकोन दाबला की तो बाण मारतो. बस एवढंच. पण सुरुवातीला ते बटन तू विसरतोस कारण पोर काही कामाचं वाटत नाही, चार-पाच तासांनी तुझ्या लक्षात येतं की तू लढताना दर दोन सेकंदांनी चौकोन दाबतोयस, त्याच्याशिवाय जमतच नाहीये. आणि मग स्टोरीत एका टप्प्यावर पोर आजारी पडतं, बाप एकटाच बाहेर पडतो, आणि तुझं बोट सवयीने चौकोनावर जातं आणि काहीच होत नाही. तिथे कोणाला डायलॉग मारायची गरजच नाही. बाप कसा हादरलाय ते बोटाला कळलं.

आणि त्याच ठिकाणी दुसरं पण आहे. तोवर तुझ्याकडे ती बर्फाची कुऱ्हाड असते, लेव्हायथन, फेकायची आणि त्रिकोण दाबून परत हातात बोलवायची, गेमिंगमधलं इतकं मजेदार हत्यार मी दुसरं पाहिलेलं नाही. पण जिथे जायचंय ती मेलेल्यांची थंड दुनिया, तिथे बर्फाची कुऱ्हाड चालत नाही. म्हणून क्रेटोसला घरी जाऊन फरशीखाली लपवलेली जुनी हत्यारं काढावी लागतात, जी त्याला आयुष्यात परत बघायचीही नव्हती. आता हा सीन यूट्यूबवर बघितलास तरी अंगावर काटा येईल, मान्य. पण कुऱ्हाड का चालत नाही, हे तुला तोवरच्या लढायांतून हाताला माहीत असतं, आणि जुनी हत्यारं हातात आल्यावर लढायला किती मस्त वाटतं याची जी थोडी लाज वाटते ना, की अरे ह्याला हे नको होतं आणि मला मात्र मजा येतेय, ती लाज फक्त खेळणाऱ्याला मिळते.

२०२२ चा रॅग्नारॉक पण चांगला आहे, पण तिथे सोबतची माणसं फार बडबड करतात. कोडं समोर आलं की अर्धा मिनिटसुद्धा बघू देत नाहीत, लगेच उत्तर सांगतात. डोकं चालवायचं की नाही माणसाने?

आता लास्ट ऑफ अस. नॉटी डॉगचा, २०१३ चा, तुझ्यासाठी पार्ट वन नावाने २०२२ मध्ये पीएस ५ वर नव्याने केलेला. याची टीव्ही सिरीज पण आली २०२३ मध्ये, चांगली आहे, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला ती फार कामाची, कारण गोष्ट तीच, पात्रं तीच, आणि फक्त खेळणं काढून टाकलेलं. मग काय गेलं? माझ्या मते शिडी गेली. गेममध्ये जोएल आणि त्याच्यासोबतची पोरगी एली जाताना वाटेत सारखं एकच काम असतं: उंच भिंत आली की जोएल हात जोडून उभा राहतो, त्रिकोण दाबायचा, एली त्याच्या हातावर पाय देऊन वर चढते आणि वरून शिडी टाकते. किंवा पाणी आलं की एलीला पोहता येत नाही म्हणून लाकडी फळी शोधून आणायची, तिला त्याच्यावर बसवायचं आणि ढकलत न्यायचं. पहिल्यांदा बरं वाटतं, नंतर कंटाळा येतो, लोक शिव्या पण घालतात की परत तेच. आणि मग शेवटाकडे, बरंच काही वाईट घडून गेल्यावर, तू नेहमीप्रमाणे भिंतीपाशी जातोस, त्रिकोण दाबतोस, जोएल हात जोडून उभा राहतो, आणि ती येतच नाही. बाजूला बसून राहिलेली असते, कुठेतरी हरवलेली. एका बटनाच्या सवयीतून सांगितलं की ही पोरगी आता पहिल्यासारखी राहिली नाही. त्याच्यानंतर तिला काय दिसतं ते मी सांगणार नाही, पण ते दिसल्यावर ती जी पळत सुटते त्याला जी किंमत आहे ती त्या कंटाळवाण्या शिड्यांमुळे आहे. सिरीजमध्ये तो पुढचा प्रसंग आहे, पण शिड्यांचा कंटाळा तू भोगलेला नसतोस ना.

शेवटी हॉस्पिटलमध्ये तर एक असं काम आहे जे गेम स्वतः करून दाखवत नाही, तुझ्याकडूनच करून घेतो. माझ्याकडे एक पोर कंट्रोलर खाली ठेवून खोलीभर फिरून आलं, बघत होतं की दुसरं काही करता येतं का. येत नाही.

आपल्याकडच्या गोष्टीने सांगतो म्हणजे पटकन कळेल. पेडण्यात, म्हापशाच्या आजूबाजूला जत्रेच्या रात्री दशावतारी काला असतो तो तू बघितलेलाच असशील. आख्यान सगळ्या गावाला पाठ असतं, कोण मरणार कोण जिंकणार पहिल्यापासून ठाऊक. पण संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतो, समोरचा तसाच उत्तर देतो, चांगला राजा आणि चांगला राक्षस समोरासमोर आले की एकच प्रसंग अर्धा तास रंगतो आणि पेटीवाला-मृदंगवाला त्यांच्यामागे धावत असतात. स्टोरीवाला ॲक्शन गेम नेमका हाच प्रकार आहे. आख्यान लेखकाचं, बोलणं तुझं, फक्त तू तोंडाऐवजी हाताने बोलतोस. आणि यूट्यूबवरचा तो जोडलेला पिक्चर म्हणजे त्या काल्यातलं सगळं उत्स्फूर्त काढून टाकून कोणीतरी तुला आख्यान वाचून दाखवावं. कळेल सगळं. रात्रभर कोण बसणार त्याच्यासाठी?

हां, पण उलटं पण होतं, आणि ते फार ठिकाणी होतं. कटसीनमधला माणूस एक आणि तुझ्या हातातला माणूस दुसरा. अनचार्टेडचा नेथन ड्रेक बघ, कटसीनमध्ये हसरा, पडत-धडपडत जाणारा, बायकोवर प्रेम करणारा साधा गडी, आणि खेळताना दर दहा मिनिटांनी वीस माणसं गोळ्या घालून मारतो आणि पुढच्या कटसीनमध्ये परत जोक. याच्यावर २००७ मध्ये क्लिंट हॉकिंग नावाच्या गेम डिझायनरने बायोशॉक या गेमच्या निमित्ताने लिहिलं होतं आणि याला लुडोनॅरेटिव्ह डिसोनन्स म्हटलं होतं, तेव्हापासून सगळे समीक्षक हाच शब्द अनचार्टेडच्या डोक्यावर मारत आले. अनचार्टेड करणारे नॉटी डॉगवाले पण खट, त्यांनी २०१६ च्या अनचार्टेड ४ मध्ये हजार माणसं मारली की मिळणारी ट्रॉफी ठेवली आणि तिचं नाव हेच. मला हसू आलं होतं, पण जोक मारून प्रश्न सुटला असं नाही.

कारण हाच प्रश्न मेटल गिअर सॉलिड ३ ने २००४ मध्येच सोडवलेला होता. हिदेओ कोजिमाचा गेम, त्यात एक नदी येते, तुला फक्त तिच्यातून चालत पुढे जायचंय, आणि समोरून तू आतापर्यंत ज्यांना ज्यांना मारलंस ते सगळे एकेक करून चालत येतात. लपतछपत, बेशुद्ध करत आलास तर नदी छोटी. आयजीआय खेळल्यासारखा दिसेल त्याला उडवत आलास तर चालतच राहा. आमच्या कॅफेतून पीएस २ वर आलेली पोरं तिथे हैराण व्हायची, हे कधी संपणार म्हणून. त्यांचेच सगळे मुडदे होते! आणि त्याच गेमच्या शेवटी एक गोळी झाडायची असते, कटसीन चालू आहे असं वाटून तू बघत बसतोस, आणि काहीच होत नाही, मग कळतं की गेम तुझी वाट बघतोय. बटन तुलाच दाबायचंय. त्याचा रिमेक २०२५ मध्ये पीएस ५ वर आलाय, कोजिमाशिवाय, पण गोष्ट तीच ठेवलीय. कटसीन मात्र मरणाचे लांब आहेत, ही सूचना आधीच देऊन ठेवतो, जेवून बस.

२०१२ चा स्पेक ऑप्स: द लाईन याच जातीतला म्हणून लोक डोक्यावर घेतात, दुबईत वाळूखाली गाडलेलं शहर, आणि त्यात एक पांढऱ्या फॉस्फरसचा प्रसंग आहे, तुझ्या हातून भयंकर काहीतरी घडतं आणि मग गेम तुलाच झापतो की तू हे का केलंस. मला हे कधीच पटलं नाही. अरे बाबा, दुसरा रस्ता तूच ठेवला नाहीस आणि वर मलाच विचारतोस? मेटल गिअरच्या नदीत मी मारलेले आले कारण मी न मारता पण जाऊ शकत होतो. इथे तसं नाही. लास्ट ऑफ असमध्ये पण दुसरा रस्ता नाही, पण तो गेम तुला दोष देत नाही, तो म्हणतो हा जोएल असा आहे, बघ. हा बारीक फरक आहे आणि माझ्यासाठी फार मोठा आहे. असो, स्पेक ऑप्स २०२४ पासून ऑनलाईन विकतच नाहीत, त्यामुळे तुला त्रास नाही.

अनचार्टेडला मी एवढ्या शिव्या दिल्या तरी त्यातला एक तू खेळायचाच आहे, द लॉस्ट लेगसी, २०१७ चा. कारण तो घडतो आपल्या शेजारी. पश्चिम घाट! क्लोई फ्रेझर नावाची बाई, तिचा बाप भारतीय, ती आणि तिची साथीदार नादीन होयसळांच्या राज्यातला गणपतीचा दात शोधत फिरतात. जीप घेऊन चिखलातून, धबधब्याखालून, कोरीव दगडी देवळांतून. होयसळांची राजधानी हळेबीडू खरं तर कर्नाटकात हासन जिल्ह्यात पठारावर आहे, असं धबधब्यात वगैरे काही नाही, आणि देवळांचे आकार तर त्यांनी हत्तीच्या हत्तीएवढे करून ठेवलेत, पण पावसातल्या हिरव्याकंच झाडीत तो काळा दगड बघितल्यावर मला पहिल्यांदा तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळच आठवलं. आणि गणपतीचा दात परशुरामाच्या परशूने तुटला ती गोष्ट क्लोई सांगते तेव्हा गोव्याच्या माणसाला जरा वेगळंच वाटतं, आपली तर जमीनच परशुरामाने बाण मारून समुद्राकडून घेतलेली म्हणतात, पैंगीणला त्याचं देऊळ आहे. परदेशी स्टुडिओने आपल्या देवांचं काही केलं की मी आधी कपाळाला आठ्या घालून बसतो, पण इथे त्यांनी बऱ्यापैकी अभ्यास केलेला दिसतो.

आणि लॉस्ट लेगसीत ड्रेकसारखी गडबड कमी का वाटते तर जीपमुळे. मारामारी झाली की त्या दोघी जीपमध्ये बसतात, तू चालवतोस, आणि त्या भांडतात, गप्प बसतात, परत बोलतात. गॉड ऑफ वॉरमध्ये हेच काम होडी करते, मिमिर नावाचा सोबती होडीत गोष्टी सांगतो आणि तू किनाऱ्याला लागलास तर मध्येच थांबतो, परत होडीत बसलास की पुढे सुरू करतो. ह्या अशा जागा मला कटसीनपेक्षा हजारपट आवडतात कारण हात चालू असतात आणि कान मोकळे असतात. पार्लरमधली स्किपवाली पोरं सुद्धा होडीतल्या गोष्टी ऐकतात, मुद्दाम किनाऱ्याला लावत नाहीत, गोष्ट संपेपर्यंत गोल गोल फिरत राहतात. तासाचे पैसे देऊन!

रेड डेड रिडेम्प्शन २. याच्यावर माझं सगळ्यांशी भांडण आहे. २०१८ ला आला, १८९९ ची अमेरिका, आर्थर मॉर्गन नावाचा दरोडेखोर, टोळी मोडत चाललीय. पोरांना बोअर होतो, कारण सगळं संथ: हरीण मारलं की कातडं काढायला वेळ, घोड्यावर टाकायला वेळ, कपाट उघडलं तर एकेक डबा हाताने उचलायचा. मला ते संथपण आवडतं. आर्थर म्हणजे थकलेला, जड अंगाचा माणूस आहे आणि ते जडपण तुझ्या अंगठ्याला जाणवतं. पुढचा भाग ज्यांना स्पॉयलर नको त्यांनी सोडा. सुरुवातीच्या भागात एक फालतू वाटणारं मिशन आहे, कर्जवसुलीचं. डाऊन्स नावाचा एक आजारी, फाटका माणूस, त्याला बदडायचं. तू बदडतोस, तो तोंडावर खोकतो, रक्त उडतं, तू पुढे जातोस आणि विसरतोस. आणि खेळाचे कितीतरी तास गेल्यावर आर्थर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतो क्षयरोग. १८९९ मध्ये क्षय म्हणजे काय हे सांगायला नको. कुठून लागला? ते मारताना बटन तू दाबत होतास. कुठल्याही सिनेमाने मला असं पकडलेलं नाही, कारण सिनेमात ते पाप हिरोचं असतं.

पण त्याच गेमच्या मिशनमध्ये जरा रस्ता सोडून बाजूने गेलास की मिशन फेल. दरोडा घालायचाय, मागच्या दाराने जाऊ म्हटलं, तर नाही, सांगितल्या जागीच उभं राहायचं. एवढी मोठी मोकळी दुनिया दिलीस, आणि गोष्ट सुरू झाली की गळ्यात दोरी. हा गेम करणाऱ्या रॉकस्टारवाल्यांची ही जुनी खोड आहे. म्हणून मी सांगतो की रेड डेडची मिशन घाईने संपवू नकोस, टोळीच्या तळावर रात्री शेकोटीपाशी बस, आर्थरची डायरी उघडून वाच, तो स्वतः चित्रं काढतो त्यात. माझ्यासाठी खरा गेम तिथे आहे.

जुन्या गेम्सबद्दल थोडं, कारण हे सगळं पीएस ५ वाल्यांनी शोधलेलं नाही. १९९८ च्या हाफ-लाईफमध्ये कटसीनच नव्हते, सगळं तुझ्या डोळ्यांसमोर घडायचं आणि कंट्रोल सहसा सुटायचा नाही. २००१ चा मॅक्स पेन फिनलंडच्या रेमेडीने केला, कॉमिकसारख्या चित्रांतून गोष्ट, आणि लेखक सॅम लेकचाच चेहरा मॅक्सला लावलेला. त्यात जखम झाली की पेनकिलर गोळ्या खायच्या, आम्हाला ती फक्त हेल्थ वाटायची, पटापट गिळायचो. २०१२ च्या तिसऱ्या भागात तोच माणूस त्याच गोळ्यांचा आणि दारूचा गुलाम होऊन बसलेला! तीच गोळी, तेच काम, आणि आता घेताना बरं वाटत नाही. २००३ चा प्रिन्स ऑफ पर्शिया सँड्स ऑफ टाईम तर माझा सगळ्यात लाडका, राजपुत्र गोष्ट सांगतोय आणि तू खेळतोयस, तू खड्ड्यात पडून मेलास की तो म्हणतो, नाही नाही, असं नव्हतं झालं. मेल्यावर गेम ओव्हरच्या ऐवजी गोष्ट सांगणारा स्वतःला सुधारतो. इतकी साधी युक्ती आणि नंतर कोणी तितकी चांगली वापरलीच नाही. नाही, एकाने वापरली, हेडिसने, २०२० मध्ये, तिथे मेलास की घरी येतोस आणि घरचे नवीन काहीतरी बोलतात, त्यामुळे मरायचा राग येत नाही. परीक्षेच्या दिवसांत अर्धा-अर्धा तास खेळायला तोच बरा.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सने केलेला राजी पण २०२० चाच, आपल्या लोकांनी केलेला म्हणून मुद्दाम सांगतो. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी दाखवलेत, बघायला फार सुंदर. पण आपलं आहे म्हणून खोटं बोलणार नाही, मारामारी ताठर आहे, वार कुठे लागला ते हाताला कळत नाही, आणि शेवट म्हणजे लाईट गेल्यासारखा अचानक. एवढ्याशा टीमने एवढं केलं याचं कौतुक आहेच. स्वस्तात मिळाला तर घे, एका रविवारात होतो.

हेलब्लेड एकदा खेळच, निंजा थिअरीचा, २०१७. सेनुआ नावाच्या बाईच्या डोक्यात आवाज येतात, केंब्रिजचे मानसोपचारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांचा सल्ला घेऊन केलाय. हेडफोन लावूनच खेळायचा, कारण आवाज कानाच्या वेगवेगळ्या बाजूने येतात आणि लढताना तेच आवाज "मागे बघ" म्हणून वाचवतात पण. तिला त्रास देणारी गोष्टच तुझी मदत. हे व्हिडिओ बघून कळणार नाही, कारण व्हिडिओ बघताना तुझ्या मागून कोणी वार करणार नसतो.

घोस्ट ऑफ त्सुशिमा सगळ्यांना आवडतो, २०२० चा, १२७४ च्या मंगोल स्वारीवर. नकाशावर बाण दाखवायच्या ऐवजी वारा वाट दाखवतो ही कल्पना अप्रतिम. जिन सामुराई आहे, मागून वार करणं त्याला शिकवलेलं नाही, पहिल्यांदा चोरून मारतो तेव्हा त्याच्या मामाची शिकवण आठवते, तिथपर्यंत मी टाळ्या वाजवत होतो. मग पुढे तेच तेच तळ मोकळे करा, तेच तेच कोल्ह्यामागे धावा, आणि गोष्ट पातळ होत जाते. मोठा नकाशा म्हणजे मोठी गोष्ट असं कोणीतरी यांच्या डोक्यात भरवून दिलंय. त्या बेटाचं मात्र भलं झालं, तिथल्या प्रशासनाने गेमच्या दोन दिग्दर्शकांना पर्यटनाचे राजदूत करून टाकलं. आमच्याकडे कोणी असा गेम काढला तर बागा बीच आणि कॅसिनो सोडून काही दाखवेल का, शंकाच आहे.

आता तुझं काय. मोबाईलवरून येतोयस म्हणजे अंगठ्याने नेम धरायची सवय आहे पण कंट्रोलरच्या काठ्या फिरवायची नाही, त्यामुळे आधी लॉस्ट लेगसी लाव, सात-आठ तासांचा आहे, हात बसेल. अनचार्टेड ४ सोबत एकाच डिस्कवर मिळतो पीएस ५ साठी. मग गॉड ऑफ वॉर २०१८, बॅलन्स्ड लेव्हलवर. सोपं करू नकोस, सोपं केलं तर चौकोन दाबायची गरजच पडणार नाही आणि मी वर एवढं लिहिलेलं फुकट जाईल. अगदी अवघडवर पण नको, तिथे वेगळाच छळ आहे. तिसरा लास्ट ऑफ अस पार्ट वन, आणि तो खेळताना सिरीज आधी बघितली नसशील तर बघू नकोस. रेड डेड चवथीच्या सुट्टीला ठेव, मुख्य गोष्टच पन्नासेक तासांची आहे, घरी पाहुणे असले तर हेडफोन.

इंग्लिश ऐकून पटकन कळत नसेल तर सबटायटल चालू ठेव, त्यात कमीपणा नाही, आयरिश आणि स्कॉटिश बोलणं मलाही कळत नाही. वाट सापडली नाही म्हणून पाच मिनिटांत मोबाईल काढून व्हिडिओ शोधू नकोस, वीस मिनिटं अडकून राहा. मामाने डिस्कवाला पीएस ५ दिला असेल तर नवीन डिस्क घेऊच नकोस, जुनी घे आणि खेळून झाली की विकून टाक, स्टोरीवाले गेम लोक एकदाच खेळतात त्यामुळे बाजारात भरपूर येतात. आणि पावसाळ्यात साखळीला लाईटचं काय असतं ते तुला माहीत आहे, रेस्ट मोडवर ठेवून झोपू नकोस, पूर्ण बंद कर, जमलं तर एक छोटा यूपीएस.

लास्ट ऑफ अस पार्ट टू बद्दल शेवटचं, कारण तू विचारशीलच. २०२० चा. त्यात शत्रू एकमेकांना नावाने हाक मारतात, तू एकाला मारलास की दुसरा त्याचं नाव घेऊन ओरडतो, आणि अर्ध्यात गेम तुला दुसऱ्याच बाईच्या हातात देतो, जिच्यावर तोवर तुझा दात असतो. माझ्याकडे एका पोराने तिथे कंट्रोलर ठेवला आणि म्हणाला मी हिला खेळणार नाही, महिनाभर आला नाही, मग आला आणि पुरा केला. मधला भाग लांबलाय, चार-पाच तास कापले असते तर बरं झालं असतं, पण मला तो पहिल्यापेक्षा जास्त धाडसी वाटतो. फक्त पहिला संपल्या संपल्या लगेच लावू नकोस. मध्ये काहीतरी हलकं खेळ, पीएस ५ मध्ये ॲस्ट्रोज प्लेरूम आधीच भरून येतो, फुकट आहे, तोच खेळ.